मळहात

फिजिओथेरपीत काही वर्षं काढली की अंगठा दुखायला लागतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून एक खोगिरी सांधा असतो. दिवसभर रुग्णांच्या पाठीत, मानेत, पोटऱ्यांत अंगठा रुतवून दाब दिला की सगळ्यात आधी तोच कुरकुरतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी या दुखण्यापायी हाताचं काम कमी केलं आणि मशीन जवळ केली. माझा अंगठा दुखायला लागला तेव्हा मी बार्शीत स्वतःचं छोटं क्लिनिक चालवत होते. रुग्णाला मशीनच्या तारा लावून पडदा ओढून निघून जायचं, हे मला कधीच पटलं नाही. हातानेच काम करायचं आणि केस पांढरे होईपर्यंत करायचं, तर ते कसं, हे शिकायला मी शांघायला गेले.

शांघायच का, तर चीनमध्ये थुइना, म्हणजे चिनी मसाज, ही रीतसर रुग्णालयात चालणारी उपचारपद्धती आहे. तिचा वेगळा विभाग असतो, तिच्या पदव्या असतात, बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून नंबर लागतात. आणि हाताच्या क्रियांचा विचार करायचा तर विसाव्या शतकात सगळ्यात जास्त काम शांघायमध्ये झालं. १९५६ साली तिथे थुइनाचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला आणि दोन वर्षांत त्याची शाळा झाली. झू छुनथिंग हे तिचे पहिले प्रमुख. तोवर ही विद्या घराण्यांत होती. काका पुतण्याला शिकवायचा, गुरू एखाददुसऱ्या शिष्याला. शाळा झाल्यावर निरनिराळ्या घराण्यांचे हात एका खोलीत आले, त्यांची नावं ठरली, कोन मोजले गेले, पाठ्यपुस्तकं निघाली. पुढे मला शिकवणाऱ्या बाई याच परंपरेतल्या. त्यांना सगळे लाओशी म्हणायचे, म्हणजे शिक्षिका, आणि मीही तेच म्हणायची. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, बारीक हाडाच्या. निवृत्तीनंतरही आठवड्यातले काही दिवस त्या रुग्ण बघायच्या. त्यांचे दोन्ही अंगठे सरळ, बिनसुजेचे होते. पहिल्या भेटीत मी आधी तेच पाहिलं.

शिकायला सुरुवात होते ती माणसावर नाही, तांदळाच्या पिशवीवर. जाड कापडाची, वीतभर लांब पिशवी, आत तांदूळ, तोंड घट्ट शिवलेलं. ती टेबलावर ठेवायची, समोर उभं राहायचं आणि एकच क्रिया करत राहायची. मी आधीच परवानाधारक फिजिओथेरपिस्ट होते, शरीररचना मला पाठ होती, तरी माझ्यासाठी वेगळा नियम नव्हता. सुरुवातीला पिशवी घट्ट भरलेली असते. पुढे थोडे तांदूळ काढून ती सैल करतात, कारण सैल पिशवीवर हात घसरतो आणि क्रिया कच्ची असेल तर लगेच उघडी पडते.

पहिली क्रिया गुन. गुन म्हणजे हात लोळवणं. यात तळहात लागतच नाही, काम करतो तो मळहात. करंगळीच्या बाजूची हाताची कड पिशवीवर टेकवायची. करंगळीच्या बोटाचा मुळाचा सांधा हा टेकू. मग कोपराखालचा हात आतून बाहेर फिरवायचा, त्याच वेळी मनगट वाकवायचं. म्हणजे मळहाताचा करंगळीकडचा जवळजवळ अर्धा भाग पिशवीवर लोळत जातो. परत येताना मनगट उलटं वळतं आणि हात पुन्हा कडेवर येतो. गाडीचं चाक जसं रस्त्याला घासत नाही, टेकत टेकत पुढे जातं, तसा हात चालला पाहिजे. जाताना दाब जास्त, येताना कमी. पुस्तकात हे प्रमाण तीनास एक असं दिलेलं असतं. वेग मिनिटाला १२० ते १६० फेऱ्या.

वाचायला हे सोपं वाटतं. करायला लागलं की शरीराच्या सगळ्या सवयी आड येतात. हात जोर लावायला निघाला की खांदा वर चढतो. खांदा चढला की कोपर ताठतं, कोपर ताठलं की मनगट अडतं आणि मनगट अडलं की मळहात पिशवीवर घासायला लागतो. घासलं की कातडी सोलते. करंगळीच्या सांध्यावरची कातडी सुरुवातीला सगळ्यांचीच लाल होते, मग तिथे घट्टा पडतो. लाओशी माझ्या मागून यायच्या, काही न बोलता माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवायच्या आणि तो खाली बसला की पुढे जायच्या. त्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा यायचा तो शब्द 'फांगसोंग', सैल सोड. रुग्णाला नाही, आम्हाला.

कित्येक दिवस नुसतं हेच चालायचं. शांघायचा हिवाळा ओला असतो. यांगत्झीच्या या भागात सरकारी हीटिंगच्या नळ्या नाहीत, त्यामुळे खोली आतूनही गार. बोटं आखडलेली असायची, आणि आखडलेल्या बोटांनी गुन होत नाही. म्हणून आधी हातांवर हात चोळायचे, खांदे फिरवायचे, गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं, मग पिशवी. उजवा हात झाला की डावा. मी उजवखुरी, पण डाव्याला सूट नव्हती. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. दिवसभरात वीसेक रुग्ण बघायचे तर काम दोन हातांत वाटलं गेलंच पाहिजे. आमच्याकडच्या शिक्षणात डाव्या हाताचा विचार मला कुणी शिकवला नव्हता.

एक दिवस कळलं की आवाज बदललाय. घासण्याचा सरसर आवाज जाऊन तांदूळ आतल्या आत सरकण्याचा मऊ, एका लयीतला आवाज यायला लागला होता. खांदा खाली होता. दंडात ताण नव्हता. कोपराखालच्या हाताचं वजन आपोआप मळहातात उतरत होतं आणि मी फक्त ते मागेपुढे जाऊ देत होते. अंगठा या सगळ्यात मोकळा, हवेत. तो काहीच करत नव्हता.

ही गुनची क्रिया ऐकायला प्राचीन वाटते, पण आजच्या रूपात ती १९४०च्या दशकातली आहे. ती बसवली डिंग जीफेंग यांनी, शांघायमध्ये. त्यांच्या घराण्याची मूळ विद्या यीझीछान, म्हणजे एका बोटाची क्रिया. यांगझोउचे डिंग फेंगशान हे या घराण्याचे मोठे नाव. जीफेंग त्यांच्या पुतण्याचे चिरंजीव. यीझीछानमध्ये अंगठ्याचं टोक किंवा पेर एका बिंदूवर टेकवतात आणि मनगट डोलवत ठेवतात. खांदा पडलेला, कोपर लोंबतं, मनगट टांगल्यासारखं, मूठ पोकळ आणि सगळा भार अंगठ्याच्या टोकावर. ही क्रिया नाजूक आहे, चेहऱ्यावर, पोटावर, लहान जागेत फार सुंदर चालते. पण लकवा झालेल्या पायावर किंवा जाड पाठीवर एवढीशी जागा आणि एवढासा दाब पुरत नाही. जुन्या पद्धतीत मुठीच्या बोटांचे सांधे लोळवायची एक क्रिया होती, पण हाडं टोचायची. डिंग जीफेंग यांनी टेकण्याची जागा बदलली. बोटांचे सांधे सोडून त्यांनी करंगळीकडचा मळहात घेतला. तिथे मांस आहे, पृष्ठभाग मोठा आहे, आणि मनगटाच्या वाकण्याला कोपराखालच्या हाताचं फिरणं जोडलं की दाब खोल जातो पण टोचत नाही.

मला ही गोष्ट मनापासून आवडते. घराण्याच्या विद्येत वाढलेला माणूस, समोरच्या रुग्णाला ती पुरत नाही असं दिसल्यावर हाताची दुसरी बाजू वापरून बघतो, आणि त्या बदलालाच पुढची पिढी परंपरा म्हणून शिकते. चिनी मसाजचं नाव निघालं की दोन हजार वर्षांचा उल्लेख होतो आणि तो खोटा नाही. 'ह्वांगदी नेइजिंग' या जुन्या वैद्यकग्रंथात दाबण्या-चोळण्याचा उपचार आहे. तांग राजवटीत राजवैद्यकाच्या खात्यात मसाजचे अध्यापक नेमलेले असत. पण मी ज्या क्रियेवर आज पोट भरते ती माझ्या आजोबांच्या पिढीतल्या एका माणसाने विचार करून बसवलेली आहे. यामुळे मला तिची किंमत जास्तच वाटते.

पिशवीवरून माणसावर जाताना आधी एकमेकांवर. आपल्याकडच्या मालिशीत तेल असतं, हात अंगावरून सरकतो. इथे रुग्ण कपड्यांसकट पालथा झोपतो, वर धुतलेलं सुती कापड पसरतात आणि त्या कापडावरून काम चालतं. हात आणि कापड, कापड आणि कातडी यांच्यात सरकणं नको. सरकायचं ते कातडीच्या खाली, स्नायूंच्या थरांत. रोउ, म्हणजे मळण्याची क्रिया, यात तर हाच मुद्दा आहे. तळहाताचा मनगटाकडचा उंचवटा टेकवून गोल फिरवायचा, पण कातडीला बरोबर घेऊन. त्याउलट मो. मो म्हणजे नुसतं पोटावरून हलक्या हाताने गोल फिरवणं, त्यात कातडी जागची हलत नाही. दोन्हींत हात गोलच फिरतो, बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. झोपलेल्याला मात्र लगेच कळतो.

पाठ्यपुस्तकात चांगल्या क्रियेच्या चार कसोट्या असतात: टिकाऊ, जोरकस, सारखी आणि मऊ. या चार जमल्या की पाचवी आपोआप येते, खोली. मला सगळ्यात अवघड गेली ती टिकाऊपणाची. एक मिनिट सगळेच चांगलं करतात. सहाव्या-सातव्या मिनिटाला लय तीच, दाब तोच, खांदा तिथेच, हे जमलं तर रुग्णाचा स्नायू विश्वास टाकतो. मी हे माझ्या हातांनी पुन्हापुन्हा अनुभवलं आहे. कंबरेचा कडक पडलेला स्नायू पहिली काही मिनिटं हाताला परत ढकलत असतो. लय तुटली नाही तर तो हळूहळू ढकलायचं सोडतो. मध्येच थांबलं, वेग बदलला, जोर वाढवला, की पुन्हा पहिल्यापासून.

बाह्यरुग्ण विभागात सकाळी गर्दी असायची. एका खोलीत ओळीने पलंग, चेहऱ्यासाठी भोक असलेले, मध्ये पडदेही नाहीत. रुग्ण एकमेकांशी बोलत, भाजीचे भाव, नातवंडांच्या परीक्षा. ज्याची मान आज वळते तो ज्याची वळत नाही त्याला सल्ले देत असे. प्रत्येकाला साधारण वीस मिनिटं. आणि त्या वीस मिनिटांना आकार असायचा. आधी गुन, लांबवर, दुखऱ्या जागेच्या आसपास. मग रोउ. मग ना, म्हणजे अंगठा आणि बाकीची बोटं यांच्यात स्नायू धरून उचलणं. मानेपासून खांद्यापर्यंतच्या जाड स्नायूवर ही क्रिया फार होते. त्यानंतर नेमक्या बिंदूंवर दाब. मग सांधा हलवणं. शेवटी दंड किंवा पाय हातात धरून बारीक थरथरवणं, किंवा दोन्ही तळव्यांत दंड धरून चोळत खाली मनगटापर्यंत येणं. आधी मोकळं करायचं, मध्ये काम करायचं, शेवटी मिटवायचं.

बिंदूवर दाब देताना लाओशी रुग्णाला सतत विचारायच्या, कसं वाटतंय. रुग्ण ठणक, भरून आल्यासारखं, मुंग्या, दुखणं यांतलं नेमकं सांगायचे. हा फरक सांगायची तिथल्या सामान्य माणसालाही सवय आहे. ठणक किंवा भरून आल्यासारखं असेल तर दाब बरोबर. नुसतं दुखणं असेल तर हात उचलायचा. मुंग्या खाली पायात गेल्या तर थांबून पुन्हा तपासणी. जिथे दाब देण्यासाठी बारीक जागा लागे तिथे त्या बऱ्याचदा कोपर वापरायच्या किंवा वाकवलेल्या बोटाचा सांधा. अंगठा वापरलाच तर दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर ठेवून, अंगठा सरळ ठेवून, वजन वरून सोडायच्या. अंगठा वाकवून ढकलायचा नाही. माझ्या कामात मी नेमकं हेच ढकलणं करत आले होते, कारण आम्हा सगळ्यांचं तसंच चालतं.

एक आजोबा आठवतात. शांघायच्या कापडगिरणीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, उजवा खांदा आखडलेला. हात कानापर्यंत जाईना. अशा खांद्यावर डिंग जीफेंग यांच्या पद्धतीचं खरं रूप दिसतं. एका हाताने गुन चालू ठेवायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने रुग्णाचा हात हळूहळू वर, बाहेर, मागे न्यायचा. मळहात खांद्याच्या पुढच्या बाजूवर लोळतोय, आणि दंड इंचाइंचाने उघडतोय. दोन हातांनी दोन वेगळ्या लयींत काम करायचं, आणि जो स्नायू ताणला जाणार त्याच्यावरच लोळता हात हवा, म्हणजे तो घाबरून आवळत नाही. आजोबांचा चेहरा मला दिसेल असं उभं राहायला लाओशींनी शिकवलं. कपाळावर आठी आली की तिथे थांबायचं, पुढे ढकलायचं नाही, पण मागेही यायचं नाही.

मी कुठची, असं त्या आजोबांनी विचारलं. भारतातली म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, "ख दिहुआ!" डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचं ते चिनी नाव. मी त्यांना सांगितलं की कोटणीस सोलापूरचे आणि माझं गाव सोलापूर जिल्ह्यातच आहे. आजोबा आडवे होते ते उठून बसले. शेजारच्या पलंगावरच्या बाईंना त्यांनी शांघायच्या बोलीत भराभर काहीतरी सांगितलं आणि त्या दिवसापासून माझ्याकडे बघण्याची त्या खोलीची नजर बदलली. १९४२ साली, उण्यापुऱ्या बत्तिसाव्या वर्षी तिथल्या युद्धात रुग्णसेवा करता करता गेलेल्या माणसाच्या पुण्याईवर मला खांदे हातात मिळाले. मी ते विसरलेले नाही.

आणखी एक क्रिया मी मनापासून शिकले ती त्सा, घासण्याची. ही शांडोंगकडून शांघायला आलेल्या दुसऱ्या परंपरेची खूण. ते लोक आधी स्वतःचं शरीर कसतात, स्थिर उभं राहून हातपाय ताणण्याच्या कसरती करतात, मग रुग्णाला हात लावतात. त्सामध्ये कापड बाजूला करून उघड्या कातडीवर काम असतं आणि इथे मात्र लेप लावतात. आमच्याकडे विंटरग्रीनच्या तेलाचं पांढरं मलम असायचं, वास थेट आपल्या दुखण्यावरच्या बामचा. तळवा कंबरेवर आडवा ठेवून सरळ रेषेत पुढे-मागे घासायचं. रेषा वाकडी नको. दाब बेताचा. फेरी लांब. कातडी लाल होऊन ऊब आत उतरली की थांबायचं. कातडी जळेपर्यंत नाही. त्सा ही शेवटची क्रिया, तिच्यानंतर त्याच जागेवर दुसरं काही करायचं नाही, कारण तापलेली कातडी सोलते. हिवाळ्यात कंबर धरून येणाऱ्या बायका यासाठीच यायच्या असं मला वाटतं. ती ऊब घेऊन त्या कोट घालून बाहेर पडायच्या.

बान म्हणजे सांध्याला झटका देऊन हलवणं. याबद्दल माझं मत तिथेच पक्कं झालं आणि ते मी स्पष्ट सांगते. कंबरेसाठी रुग्णाला एका कुशीवर झोपवून खांदा एकीकडे, कमरेचं हाड दुसरीकडे ढकलून जी क्रिया करतात ती मी शिकले आणि निवडक रुग्णांत करतेही, एक्स-रे बघून, हाडं ठिसूळ नाहीत याची खात्री करून. मानेला झटका मी देत नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या पदराला चीर पडू शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर पक्षाघात होतो. मान मोकळी करायला गुन, ना आणि हलका ताण एवढं मला पुरतं. लाओशींना हे पटलेलं होतं. त्यांचंही म्हणणं असं की कट् असा आवाज आला म्हणजे काम झालं असं नाही, आणि आवाज यावा म्हणून तर झटका कधीच द्यायचा नाही. आज मोबाइलवर माना मोडण्याचे व्हिडिओ बघून लोक माझ्याकडे येतात आणि तसं करा म्हणतात. मी त्यांना बसवून धमनीचं चित्र काढून दाखवते.

मुलांचा विभाग वेगळ्या मजल्यावर होता. तिथे मी फार थोडा काळ होते, पण तिथले हात बघण्यासारखे. मुलांच्या थुइनावरचं लेखन मिंग काळापासूनचं आहे. १६०१ साली छापल्या गेलेल्या यांग जीझोउ यांच्या मोठ्या ॲक्युपंक्चर ग्रंथात मुलांच्या मसाजवर एक स्वतंत्र भाग आहे. मुलाचा डावा हात हातात घ्यायचा, बोटाला शंखजिऱ्याची पूड लावायची आणि अंगठ्याच्या कडेने किंवा मनगटापासून कोपराकडे अगदी हलक्या बोटांनी सरळ रेघ ओढत राहायची, शेकडो वेळा. दाब जवळजवळ नाहीच. पाठीवर मात्र चिमटीत कातडी धरून माकडहाडापासून मानेपर्यंत लोळवत नेतात, दर तीन चिमटींनंतर एकदा उचलतात. नीट न जेवणाऱ्या, वारंवार पोट बिघडणाऱ्या मुलांना आया यासाठी घेऊन यायच्या. औषध म्हणून त्याचा किती उपयोग, यावर मी ठामपणे काही सांगणार नाही. पण आईला ते शिकवतात आणि ती रोज रात्री ते घरी करते, एवढ्याने मुलाचं आणि आईचं काहीतरी बरं होतंच.

छी म्हणजे प्राणशक्ती, नाड्या, अडथळे ही चिनी वैद्यकाची भाषा मी परीक्षेपुरती शिकले आणि तिचा आदर करते, कारण त्या भाषेत हातांचं निरीक्षण साठवलेलं आहे. माझा विचार मात्र स्नायू आणि मज्जातंतूंच्या भाषेत चालतो. सारख्या लयीच्या, न दुखवणाऱ्या दाबाने आवळलेला स्नायू सैलावतो आणि मेंदूकडे जाणारी वेदनेची खबर काही काळ मंदावते. कंबरदुखीत अशा उपचाराने थोड्या काळासाठी आराम मिळतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. सरकलेली गादी हाताने आत ढकलली जाते असं मी कुणाला सांगत नाही. आराम मिळालेल्या त्या काळात रुग्णाला चालतं करायचं, व्यायामाला लावायचं, हे माझं काम. कर्करोग, ताजं फ्रॅक्चर, ताप, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, लघवीवरचा ताबा गेलेली कंबरदुखी, यांत हात लावायचा नाही.

शांघायमधल्या शेवटच्या महिन्यांत मी एका गल्लीतल्या अंध मसाजकारांच्या छोट्या दुकानात स्वतः रुग्ण म्हणून जात असे. चीनमध्ये हा अंध व्यक्तींचा फार मोठा व्यवसाय आहे. १९५०च्या दशकापासून त्यासाठी प्रशिक्षण दिलं जातं. बी फेइयू यांची 'थुइना' ही कादंबरी नानजिंगमधल्या अशाच एका केंद्रावर आहे, तिला माओ दुन पारितोषिक मिळालं. मला बघणारे गृहस्थ पन्नाशीचे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काही क्षण तो नुसता ठेवला. मग डाव्या खवाट्याच्या आतल्या कडेला जाऊन म्हणाले, "तुम्ही उभ्याने काम करता. टेबल तुम्हाला उंच पडतं." ते खरं होतं. बाह्यरुग्ण विभागातलं टेबल चिनी डॉक्टरांच्या उंचीचं नव्हतं, जुन्या कुठल्यातरी लोखंडी पलंगाचं होतं, आणि मी डावा खांदा उचलून काम करत होते. डोळे असलेल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. बार्शीला परतल्यावर मी आधी सुताराला बोलावून माझ्या क्लिनिकमधलं टेबल चार बोटं खाली करून घेतलं.

इथे येणारे रुग्ण निराळे. ऊसतोडीवरून परतलेली जोडपी, कंबर धरून. बाजार समितीतले हमाल. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायका, मान आखडलेल्या. सुरुवातीला बहुतेकांची तक्रार एकच असते, "मॅडम, जरा जोरात दाबा की." हमालांना तर सोसायची सवय इतकी की दुखल्याशिवाय औषध लागू पडतंय असं त्यांना वाटतच नाही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. कापड पसरते, मळहात टेकवते आणि त्यांना सांगते की पाच मिनिटांनी परत बोलू. पाच मिनिटांनी निम्मे लोक झोपलेले असतात.

माझ्याकडे आता दोन तरुण मुली काम करतात, पुण्याहून शिकून आलेल्या, हुशार. त्यांनाही मी पिशवी शिवून दिली आहे. त्यात रेशनचा जाड तांदूळ घातला. रोज सकाळी रुग्ण यायच्या आधी दोघी खिडकीपाशी उभ्या राहून गुन करतात, उजवा झाला की डावा. एकीचा खांदा अजून चढतो. दुसरीचं मनगट सुटलंय, पण परतीच्या फेरीला ती हात उचलते, त्यामुळे लयीत धक्का बसतो. माणसावर त्यांना अजून सोडलेलं नाही. दिवाळीनंतर, आधी एकमेकींच्या पाठीवर.